दुधाच्या पातेल्यात मीठ

अण्णा,

चीजच्या वडीवरचा चंदेरी कागद एका ओढीत निघत नाही. कोपरा फाटतो, उरलेला वडीला चिकटून बसतो, आणि मग माझ्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाला तो नखाने खरवडत बसावं लागतं. ही तक्रार न्यायची कुठे? बायको म्हणते, "कागद काढता येत नाही आणि निघाले सॉस करायला." ज्या मुलीने हा सॉस शिकवला ती तळवड्याच्या ऑफिसातून फोनवर नुसती हसते. म्हणून या घरातल्या सर्वोच्च न्यायासनासमोर, म्हणजे तुमच्यासमोर, ती दाखल करतो आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या फोटोवरचा हारही आता प्लास्टिकचा आहे. न्यायासन मात्र अजून रिकामं झालेलं नाही, ते कसं हे पुढे येईलच.

सॉस आईसाठी करतो. तिला आता चावत नाही, वजन उतरत चाललं आहे, डॉक्टर म्हणाले, मऊ आणि कसदार काहीतरी पोटात जाऊ दे. करायला सोपा आहे. चमचाभर लोण्यात तेवढाच मैदा मंद आचेवर परतायचा. कच्चा वास जावा, पण रंग येऊ नये. मग कोमट दूध थोडं थोडं ओतत रवीने घुसळत राहायचं, हात थांबला की गुठळ्या झाल्याच. पळीच्या पाठीवर थर धरला की गॅस बंद, आणि मग किसलेलं चीज, मिरपूड, जायफळ. चीज मुळात खारट, तेव्हा वरून मीठ घालायची काही गरज नसते. मी घालतो. आणि तुमच्या त्या कल्हईच्या पितळी पातेल्यात घालतो, ज्यात दुधाशिवाय कशालाही शिरकाव नव्हता, ज्याला खरकटा हात लागला तर तुम्ही आईला ते चिंचेने पुन्हा पुन्हा घासायला लावायचात. चिमूट सोडताना मी संकल्पही करतो: मम पितुः कोपवृद्ध्यर्थं लवणक्षेपणं करिष्ये. माझ्या वडिलांचा राग वाढावा म्हणून मीठ टाकतो आहे. संस्कृत तुम्हीच घोटून घेतलंत, म्हटलं वाया कशाला घालवा.

चाकणच्या कंपनीत हाच सॉस डब्यात नेला तेव्हा आमचे कुरुळीचे एक जुने सहकारी वाकून बघत म्हणाले, "शास्त्रीबुवा, दुधात मीठ? आमच्यात म्हस आटती म्हनत्यात."

"माझ्याकडे म्हैस नाही, राव."

"व्हय, पन वडील हुते की. ते आसते तर खाल्लं आसतं का ह्ये?"

"ते नाहीत म्हणून तर खातोय," मी म्हणालो. ते हसले. मी हसलो नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

रहाटणीच्या या फ्लॅटची वास्तुशांत आठवते? आदल्या दिवशी, कंपनीच्या स्टोअरमध्ये सामान लावायचात तसे, आईने जुन्या क्रमाने मांडलेले नव्या स्वयंपाकघरातले डबे तुम्ही उंचीप्रमाणे लावलेत. साखरेच्या जागी मिठाचा डबा आला. आईचा हात सवयीने त्या जागी गेला. पंगत बसली आहे, तुमचे साहेब पहिल्या पाटावर आहेत, आणि शेवयांच्या खिरीचा घोट घेऊन ते तोंड कसंनुसं करत वाटी खाली ठेवताहेत. तुम्ही चाखून पाहिलंत. ओरडला नाहीत, तेवढे सभ्य होतात. अगदी शांतपणे म्हणालात, "यापुढे आधी तू चाखायचंस. माझ्यासमोर. उभ्याने." लोकांना थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी तुमच्या ताटाशेजारी एक लहान वाटी आली. आई पदर सावरून उभी राहायची, त्यातून भाजीचा घास, आमटीचा, ताकाचासुद्धा एकेक घोट घ्यायची, तुम्ही तिच्या तोंडाकडे बघायचात, "हं" म्हणायचात आणि मग आपोष्णी घेऊन जेवायला लागायचात. नैवेद्य आधी चाखला तर देवालाही चालत नाही, तुम्हाला चालायचा. स्वतःला देवाहून वेगळं मानल्याचा हा तुमचा एवढा एकच प्रसंग. तुमच्या शेवटच्या पेजेपर्यंत हे चाललं. तुम्ही गेल्यावर आई मला म्हणाली, "डबे त्यांनीच हलवले होते रे."

"मग बोलली का नाहीस?"

"साहेबांसमोर त्यांना कमीपणा आला असता."

तेव्हापासून मी सूड शोधत होतो, आणि तो या पातेल्यात सापडला. उकडलेल्या बटाट्यावर सॉस ओतून दिला की आई बसून, गरम गरम, सगळ्यांच्या आधी वाटी संपवायची. मी बाजूला उभा राहायचो आणि तुमच्या फोटोकडे बघायचो. पितृपक्षात तर तुमच्या पानावर, उडदाच्या वड्याशेजारी, वाटीभर सॉस वाढला. कावळ्याने वड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळा सॉस खाल्ला, चोच कठड्याला पुसली आणि गेला. म्हणजे राग सोडाच, सूडसुद्धा चाटूनपुसून खाल्लात; तुम्ही मला कधी कशात सहज पास होऊ दिलं आहे?

गेल्या काही महिन्यांत आईचं विसरणं वाढलं. गेल्या महिन्यात एका रविवारी वाटी पुढे ठेवली तर ती टेबल धरून उठली, पदर सावरला, एक चमचा चाखला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "मीठ बरोबर आहे हो. घ्या तुम्ही."

"आई, मी आहे."

ती पाहुण्याकडे बघून हसावं तशी हसली. बसली नाही. टेबल धरून उभीच राहिली. माझं नाक तुमचं, टक्कल तुमचं, चष्मा कपाळावर सरकवायची खोडसुद्धा तुमचीच. शेवटी मी तुमच्या खुर्चीत बसलो, एक घास घेतला आणि तुमच्या आवाजात म्हणालो, "छान झालंय. आणि डबे मी हलवले होते, तुझी चूक नव्हती."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "जेवा, गार होतंय."

वाटी मी संपवली तेव्हा कुठे ती बसली. तिने त्या एका चमच्यापलीकडे काही खाल्लं नाही. आता रोज हेच चालतं. सॉस मी खातो, वजन तिचं उतरतं. तुम्हाला घराबाहेर काढायला निघालो होतो, आणि माझ्याच पळीने परत वाढून घेतलं.

पत्र लिहून झाल्यावर तुमच्या फोटोमागे ठेवायचं ठरवलं होतं. ठेवत नाही. आईच्या हाती लागलं तर तुमचंच समजून उभ्याने वाचेल. तुमच्यावरचा राग आहे तसाच आहे, तो काही कमी व्हायचा नाही. पण आता भीती दुसरीच आहे. ती जाईल त्या दिवशी तिच्या उशाशी मीच असेन, आणि मला बघून ती उठून उभी राहायला धडपडेल.