कोपरा परत घेण्यासाठी नवी सिस्टीम

१४ ऑक्टोबर, शनिवार
निश्चय. कोचाचा उजवा कोपरा परत मिळवायचा. कोच माझा, घर माझं, आणि वर्षभर त्या कोपऱ्यात हेबेर बसतो. हेबेर म्हणजे माबेलचा धाकटा भाऊ, माझा मेहुणा. दर रविवारी जेवणानंतर टीव्हीला जोडलेल्या काँप्युटरवर फुटबॉलचा गेम, जिंकेल त्याचा कोपरा, असा घरचा नियम. नियम मीच केला. तेव्हा मी जिंकत होतो.
हरण्याला कारण आहे. मी बटण दाबतो आणि माझा खेळाडू जरा विचार करून लाथ मारतो. हेबेरचा लगेच मारतो. काँप्युटर एकच, टीव्ही एकच. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच त्याला सामील आहे. बदलणार.

१७ ऑक्टोबर
तीन सिस्टीम तपासल्या. सध्याची: ऐन पेनल्टीला अपडेट मागते. दुसरी: फुकट. फुकट का? जगभरची माणसं खपून मला फुकट देणार, मी काय त्यांचा जावई? तिसरी: खास कोचावरून खेळणाऱ्यांसाठी, मोठी अक्षरं, सगळं कंट्रोलरवर. हीही फुकटच, पण हिचा चेहरा प्रामाणिक वाटला. हीच.
नाक्यावरचा दुकानदार म्हणाला, कुठलीही टाका हो, थोडी प्रॅक्टिस करा. हा हेबेरच्या वर्गात होता.
संध्याकाळी कीबोर्ड हेबेरला देऊन टाकला. परतीचे दोर कापले. दाजी, नक्की ना, असं विचारत त्याने तो फारच पटकन काखोटीला मारला.

२२ ऑक्टोबर, रविवार
सकाळी नवी सिस्टीम घालायला घेतली. निम्म्यावर अडकली. निळा स्क्रीन, मध्ये पांढरा पट्टा, अर्धा भरलेला. कंट्रोलरची सगळी बटणं दाबली. ढिम्म.
दुपारी एस्त्रेयाचा सामना. आमच्या सेर्रो वस्तीचा क्लब, यंदा खालच्या गटात ढकलला जाण्याच्या बेतात. सामना याच काँप्युटरवर बघतो, म्हणजे बोंब. सासूबाईंनी स्वयंपाकघरातला रेडिओ आणला. हेबेर कोपऱ्यात. पट्ट्यावर नजर ठेवायला मी टीव्हीशेजारी स्टुलावर, राखाडी स्वेटर घालून.
एस्त्रेया जिंकली! दोन-शून्य! ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

२३ ऑक्टोबर
काँप्युटर बंद करायला गेलो तर सासूबाई आडव्या. जावईबापू, बटणाला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. शकुन लागलाय. स्क्रीन तसाच, रेडिओ तसाच, माणसं जिथल्या तिथे, सीझन संपेपर्यंत.
म्हटलं, मी शिकलेला माणूस, असलं काही मानत नाही. हेबेर म्हणाला, मग उद्या एस्त्रेया बुडाली तर गल्लीला तोंड कोण दाखवणार दाजी, तुम्ही?
स्वेटर धुवायला टाकला नाही. केवळ थंडी पडली तर असावा म्हणून.

२९ ऑक्टोबर, रविवार
महिन्याची एकोणतीस, म्हणून रिवाजाप्रमाणे जेवायला न्योकी, बटाट्याचे उकडलेले गोळे. पुन्हा विजय. सासूबाईंनी स्टुलाच्या पायांभोवती खडूने खुणा केल्या.

१२ नोव्हेंबर, रविवार
दक्षिण गोलार्धातला नोव्हेंबर, म्हणजे उकाडा. स्वेटर. स्टुलावर बसून कंबर धरलेली. तीन-एक जिंकलो. माते, म्हणजे एकाच भांड्यातून सगळ्यांत फिरणारा आमचा पानांचा कडू चहा, हेबेरच ओततो आणि मला देतो सगळ्यांत शेवटी, पानांची चव गेल्यावर. कोपऱ्यात आता त्याच्या आकाराचा खड्डा पडलाय. माझा संशय पक्का: हे सगळं त्यानेच घडवून आणलं. माबेल म्हणते, अहो, एस्त्रेयाचे गोलही तोच मारतो का? भाऊ आहे तिचा, ती असंच म्हणणार.

२६ नोव्हेंबर, रविवार
शेवटचा सामना. जिंकलो तर वाचलो. शेवटची मिनिटं, शून्य-शून्य. घामाने चष्मा धूसर झाला. पुसून घातला, तर स्क्रीनच्या तळाशी बारीक अक्षरं दिसली: पुढे जाण्यासाठी कीबोर्ड जोडून कोणतंही बटण दाबा.
अडकली नव्हती. वाट बघत होती! सगळीकडे हत्तीएवढी अक्षरं आणि नेमकं हेच मुंगीएवढं. माझ्या तोंडून किंकाळी फुटली. त्याच क्षणी रेडिओवर गोल. सगळे माझ्या गळ्यात पडले. सासूबाईंनी माझ्या घामट कपाळाचा मुका घेतला, लग्नानंतर पहिल्यांदा. मी रडलो. कशासाठी ते कोणी विचारलं नाही.

२७ नोव्हेंबर
हेबेरकडे कीबोर्ड मागितला. कशाला ते सांगितलं नाही. गाडीच्या डिकीतच होता. म्हणाला, ठेवला होता दाजी, तुम्हाला लागणार म्हणून. एक बटण दाबलं. मातेचं पाणी तापेपर्यंत सिस्टीम तयार. कंट्रोलर लोण्यासारखा चालतो. आता कोपरा माझाच.

३ डिसेंबर, रविवार
बटण दाबताक्षणी माझा खेळाडू लाथ मारतो. तिथे चेंडू नसतो. शून्य-पाच.
कंट्रोलर बदलायला हवा.

१९ फेब्रुवारी, सोमवार
नवा सीझन. काल पहिला सामना स्क्रीनवर थाटात पाहिला, मी कोचाच्या मधोमध, स्वेटरविना. एस्त्रेया शून्य-तीन.
आज कामावरून आलो तर टीव्हीशेजारी स्टूल, स्टुलावर स्वेटर. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, तो निळा स्क्रीन परत आणा. माबेलने रेडिओ आणून ठेवला. हेबेर कोपऱ्यात माते ओतत होता.
सिस्टीम पुन्हा घालायला घेतली. नवी आवृत्ती आलीय. हिला कीबोर्ड लागतच नाही. कुठेही न थांबता शेवटपर्यंत गेली. पुन्हा घातली. पुन्हा गेली.
शेवटी नाक्यावरच्या दुकानदाराला विचारलं, हमखास निम्म्यावर अडकेल अशी एखादी सिस्टीम आहे का?
त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.