चौकोनी गंज

मंगळवार, संध्याकाळ

दादा,

'तीर्थरूप' लिहायला हात धजला नाही, तेव्हा नुसतंच दादा. इकडे आम्ही बरे आहोत. धाकटीचा पुढचा दात पडला, माझी पाठ नेहमीसारखी धरलेली आहे. तुझी खुशाली विचारत नाही. ती वहिनी सांगतेच आहे, स्वयंपाकघरात बसून, मी न विचारता.

बुचं न्यायला तिला कशाला पाठवलंस? गोदी तुझी, डॉकमास्टर तू, मी तुझ्याच हाताखाली जहाजांचे तळ तपासणारी. हाक मारली असतीस तर आले असते. पण समोर उभं राहायचं म्हणजे डोळ्यांत बघावं लागतं.

बाबांचा नियम तू विसरला नसशील. जहाज सुक्या गोदीत आलं की टाक्या रिकाम्या करायला तळाची बुचं जो काढेल त्यानेच ती सांभाळायची, आणि ती परत बसल्याशिवाय गोदीत पाणी सोडायचं नाही. या खेपेला ती मी काढली. म्हणून तुझं उद्याचं पाणी अडलंय आणि तुझा जीव टांगणीला लागलाय.

मी एवढ्याशा गंजाचा बाऊ करते, असं तू म्हणालास म्हणे. काल जहाजाखालचा एक तडकलेला ठोकळा बदलायला काढला, तेव्हा त्याच्या वरचा पत्रा उघडा पडला. हातोडी मारली तर खपल्या गळाल्या. गंज बरोबर ठोकळ्याएवढा, चारही कोपरे नीट. दादा, गंज असा पट्टी लावून धरत नाही. जहाज ज्या ठोकळ्यांवर टेकतं तिथे रंगाचा ब्रश पोचत नाही, म्हणून पुढच्या खेपेला ठोकळ्यांच्या जागा बदलायच्या, हे आपण दोघं शेंबडे होतो तेव्हापासून ऐकत आलो. मागच्या खेपेला तू त्या बदलल्या नाहीस. जुन्याच जागी मांडून मोकळा झालास.

मग भर समुद्रात तळातून पाणी शिरलं, तेवढं भोक आतून बुजवलं गेलं, आणि चौकशीत तू छातीठोकपणे सांगितलंस, "रंगकाम कच्चं होतं."

रंगाचा मुकादम कोण होता ते लिहायचं मघापासून टाळतेय. माझा नवरा होता. त्याला काढलं. नंतर एकाही गोदीने उभं केलं नाही, तेव्हा मोठा उपकार केल्यासारखा तूच त्याला त्याच जहाजावर खलाशी म्हणून चिकटवलास. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर संन्याशाने तुझे पाय धरायचे! त्याने धरले. मी बघत होते. तुझा मला तेव्हा राग आला नव्हता, आता येतो, आणि तो जाणार नाही.

आता ठोकळा परत ठोकून, पाणी सोडून, त्याला त्याच पत्र्यावर समुद्रात पाठवायला निघालास. धाकटी तुला मामा म्हणते रे.

"वन्सं, तुमच्या भावाची नोकरी जाईल हो," वहिनी म्हणाली.

"माझा नवरा जाईल, वहिनी," मी म्हटलं. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावरून कळलं. घरी गेल्यावर ती तुला विचारेल.

बुचं तिच्याबरोबर पाठवत नाही, कारण ती घरात नाहीतच. दुपारी कप्तानाला खाली नेऊन चौकोन दाखवला. त्याने बोट लावलं, खपली हातात आली. एकेक ठोकळा काढून तळ पाहिल्याशिवाय, पत्रे बदलल्याशिवाय जहाज हलणार नाही, असं तो म्हणाला. बुचं मी त्याच्यासमोरच, माझ्या वतीने सांभाळायला म्हणून, माझ्या नवऱ्याच्या हातात दिली.

काम संपलं की ती तुला त्याच्याकडेच मागावी लागतील. पण उद्या सकाळी तो त्या चौकोनाखाली उभा असेल, ज्यांचं काम तू कच्चं ठरवलंस ते सगळे रंगारी भोवती असतील. तेव्हाच ये. काय बोलायचं ते मी शिकवणार नाही. तू नुसता हात पुढे केलास तर बुचं द्यायची नाहीत, असं त्याला बजावून ठेवलंय.

वहिनी निघालीय. तिच्या हातात हे पत्रच देतेय.

बाबांची मुलगी.
तुझी बहीण आहे की नाही, ते उद्या ठरेल.