दडवलेला ताप

औरंगाबाद, १९९२

अक्का,

पाया पडते. तुमच्या भावाचा मुतखडा निघाला. पोट न फाडता पाठीला बोटभर भोक पाडून काढला.

तुमाला एक सांगायचं ऱ्हायलंय. ऑपरेशनची पहिली तारीख होती, त्या दिशी सकाळीच ह्यांना हुडहुडी भरली. तारीख हुकली तर सोनपेठाहून पुन्हा यावं लागेल, म्हणून मी तापाची गोळी दिली अन् म्हणले, "बोलू नका."

डॉक्टरांनी विचारलं, "थंडीताप आला होता का?" हे माझ्याकडं बघायले. मला राहवलं न्हाई, सांगून टाकलं. लघवी तपासली तर पू निघाला.

डॉक्टर म्हणले, "बाई, आज खडा फोडला असता तर हे विष रक्तात गेलं असतं." आधी नळी घालून पू काढला, आठ दिवस इंजेक्शनं दिली. लघवी साफ आल्यावरच ऑपरेशन केलं. आज तिसरा दिवस, अंग गार हाय. सकाळी यांनी भाकरी मागितली, तवा मला लय रडू आलं.

तुमी यांना आईवाणी वाढवलं. हे पत्र धाडायची हिंमत न्हाई. कार्ड टाकते, त्यात एवढंच लिहीन की आमी दोघं शनिवारी घरी येतो.

तुमची भावजय,
सत्यभामा