उणे झालं की उठायचं

३ फेब्रुवारी, सकाळ
मयुरेशचा गार्चिंगहून फोन. आई, र्युसेल्सहाइमचा फ्लॅट सोड, आमच्याकडे ये. स्वयंपाकाचा हेर्ड सुरू ठेवून मी बाहेर गेले, हे म्हणे दुसऱ्यांदा झालं. शेजारणीने कळवलं असणार. २७ मार्चला डॉक्टरकडे स्मरणशक्तीची टेस्ट आहे, त्याने परस्पर वेळ ठरवून टर्मिन घेतला. त्यानंतर निर्णय.
हे जाऊन चार वर्षं झाली, पण यांची खुर्ची अजून खिडकीपाशी आहे. मी कुठेही जाणार नाही.
उपाय सापडलाय. कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळताना लोक पत्ते मोजतात. जिला सहा कॅट मोजता येतात, तिला एकटं राहता येत नाही असं कोण म्हणेल? कॉन्व्हेंटमध्ये तोंडी गणितात मी पहिली यायचे. सिस्टर ॲग्नेस फळा पुसायच्या आणि मला उभं करायच्या.

५ फेब्रुवारी
व्हिडिओ पाहून शिकले, नियम सोपे. दुर्री ते छक्की, अधिक एक. सत्ती, अठ्ठी, नव्वी, शून्य. दश्शी, चित्रं, एक्का, उणे एक. बेरजेला उरलेल्या कॅटांनी भागायचं. उत्तर एक किंवा त्याहून कमी असेल तर दहा युरो लावायचे, दोन आलं तर वीस, तीन आलं तर तीस. फार उणे झालं की टेबलावरून उठायचं, लाजायचं नाही.
सगळ्यात महत्त्वाचं, जिथे मशीन खेळलेले पत्ते लगेच परत पिसतं तिथे बसायचंच नाही. तिथे मोजणं फुकट. हे मी विसरणं शक्य नाही.

१६ फेब्रुवारी
व्हिडिओ कॉल. नातीला, मुक्ताला, सिस्टर ॲग्नेसची गोष्ट सांगितली. ती जर्मनमध्ये म्हणाली, आजी, हे तू आत्ताच सांगितलंस. नेट खराब असावं. वल्लरी मागून म्हणाली, आई, शब्दकोडी सोडवत जा ना, डोक्याला बरं. सूनबाईंना काय माहीत. मी नुसती हसले.

२ मार्च
यांच्या खुर्चीसमोर बसून सराव. अख्खा कॅट मोजला की शेवटी शून्य यायला हवं. तीन येतं. पत्ते जुने, हरवले असतील. मोजून पाहिले, बावन्न भरले. म्हणजे छपाईत चूक.
हे असते तर म्हणाले असते, अगं, मांडणीच चुकलीय तुझी. हे गुलामचोरमध्येही मुद्दाम हरायचे.

२२ मार्च, दुपार
आज कॅसिनोत जाणार. पासपोर्ट घेतला, दारावर लागतो. टेबलावर फोन चालत नाही, म्हणून तोंडानेच मोजेन. मराठी कोणाला कळणार आहे?

२३ मार्च
मोरपंखी साडी नेसले होते. डीलर पोरगी फार अदबीची. भागाकार अधिक तीन, तीस युरो लावले, गेले. पुन्हा अधिक तीन, पुन्हा तीस. तेही गेले. शेजारचा चाळिशीतला माणूस हळूच म्हणाला, काकू, तीन कुठले, सगळी चित्रंच आलीत, उणे चाललंय. गौरांग नाव, गेर्लिंगेनला इंजिनिअर. म्हणाला, आणि इथे मशीनच पिसतंय, मोजून काय करताय? मशीन समोरच होतं. व्हिडिओत काळं होतं, हे करडं आहे.
त्याने मला चहा पाजला. विचारलं, काकू, घरी कशा जाणार, कोण असतं? मी म्हटलं, हे वाट बघत असतील. मग त्यांनाच फोन लावतो, म्हणाला. मी यांचा नंबर सांगितला, एकही आकडा न अडखळता. लागला नाही. मग पर्समध्ये वल्लरीने ठेवलेल्या कार्डावरून त्याने मयुरेशला लावला.
नंबर मात्र अगदी बरोबर होता. टेस्टमध्ये हे सांगायला हवं.

२८ मार्च
टेस्ट काल झाली. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं. माझं चित्रकलेत कधीच काही नव्हतं.
मयुरेश कार्टन घेऊन आलाय. रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. मीच म्हटलं, चल, येते. फार उणे झालं की उठायचं. मला कुणी उठवलेलं नाही, हे लिहून ठेवते.
घराची किल्ली परत द्यायची होती, तीच मिळेना. दोघांनी मिळून सगळे ड्रॉवर उपसले. शेवटी खुंटीवरच्या यांच्या कोटाच्या खिशात सापडली. तिथे का ठेवली होती, ते मयुरेशने विचारलं नाही.