पुठ्ठ्याची राज्यं

दौंड,
४ नोव्हेंबर २०२४

ती. अंजनाताईस,
महेंद्रचा सप्रेम जयभीम.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत न्हाई आन् उरलेलं तू उलटं ऐकतीस, म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणं पत्र लिहितोय. करुणाचा गुडघा बरा हाय. बालगृहाच्या स्वयंपाकघरात दिवसभर उभी असते, ऐकत न्हाई.

दिवाळीआधी आमच्या बालगृहात एक पोरगी आली. दहा-अकरा वर्षांची, स्टेशनात पोलिसांना सापडली. तिला ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई, अक्षरओळख न्हाई. पोरं तिला चिमणी म्हणतात. पुण्याहून खुणांची भाषा जाणणाऱ्या बाई आल्या, तवा तिनं हातानं घर, नदी, शेळ्या, धाकटा भाऊ सगळं सांगितलं. पण कुठलं घर आन् कुठली नदी? भारताचा नकाशा दाखवला, तर रंग बघून नुसती हसली. संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसते.

बालगृहाचे साहेब म्हणतात, पत्ता लागला न्हाई तर महिनाअखेर तिला लांबच्या संस्थेत पाठवावं लागंल. तिकडं गेली की शोध मागं पडंल, अशी भीती वाटते. तू एवढी वर्षं भूगोल शिकवलास. काही सुचतंय का?

माया हाय ती असू दे.
तुझा,
महेंद्र


शिरूर,
८ नोव्हेंबर

चि. महेंद्र यास,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र पोचलं. शेजारची सविता माझ्याशी ओरडून बोलते. ओरडलं की कळतं, असा लोकांचा समज आहे. त्या पोरीशी कुणी ओरडत असेल तर आधी ते थांबव.

अरे, सगळा भारत एकदम पुढ्यात टाकलास तर तिला काय कळणार? जत्रेच्या गर्दीत आपलं माणूस तरी दिसतं का? खेडोपाडी शाळेच्या भिंतीवर आपल्या राज्याचा नकाशा एकटाच रंगवतात. मी पाबळला असताना पहिलीतल्या पोरांना ‘महाराष्ट्र’ वाचता येत नसे, पण त्याचा आकार बरोबर ओळखायची. ही शाळेत शिकली नसेल, तरी भावंडांबरोबर भिंतीखाली बसली असेल.

म्हणून साड्यांच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याची राज्यं सुटी सुटी कापली आहेत. सगळी एकाच मापाची केली, नाहीतर राजस्थानशेजारी त्रिपुरा म्हणजे लाडवाचा चुरा वाटला असता. नावं मागच्या बाजूला आहेत. पुडकं उद्याच्या दौंड गाडीच्या कंडक्टरकडे देते. तुकडे नुसते पसरून ठेव आणि मध्ये बोट घालू नकोस. तुझी ती सवय जुनी आहे.

करुणाला बसून काम करायला सांग. तुम्हां दोघांना उदंड माया.
तुझी,
ताई


दौंड,
१३ नोव्हेंबर

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

पुडकं मिळालं. ओट्यावर पसरलं, तर पोरींनी गुजरातचा जबडा तोंडाला लावला आन् केरळची मिरची केली. चिमणी बराच वेळ बघत बसली. मग तिनं एकच तुकडा उचलला. मी तो डोकं खाली करून ठेवला होता, तिनं सरळ केला आन् मांडीवर घेऊन त्याच्या कडेनं बोट फिरवत राहिली. मागं बघितलं तर छत्तीसगड.

मला वाटलं, आकार आवडला असंल, जरा घोड्याच्या तोंडासारखा दिसतो. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे मिसळून पुन्हा पसरले. पुन्हा तोच. शेवटी मी तो लपवला. तिनं बाकीचे चाळून पाहिले आन् सरळ माझ्या खिशाला हात घातला. करुणा पदरानं डोळे पुसत हसायला लागली.

एक अडलंय. तिनं माझा लाल पेन घेऊन तुकड्याच्या खालच्या अंगाला ठिपका दिलाय. ते गाव समजायचं, का तिनं लाडानं गंध लावलं? तुकडा कागदावर गिरवून, ठिपका जागच्या जागी मारून सोबत पाठवतोय. लवकर कळव.

आठवण ठेव.
महेंद्र


शिरूर,
१६ नोव्हेंबर

चि. महेंद्र यास,
आशीर्वाद.

गंध नव्हे रे. शाळेच्या भिंतीवरच्या नकाशात रंगारी आपलं गाव असंच ठिपक्यानं दाखवतो. तुझा कागद मी ॲटलासवर धरून पाहिला. ठिपका बस्तरच्या आसपास पडतो, थोडा इकडे-तिकडे धर. साहेबांना त्या भागातल्या पोलिसांकडे तिचा फोटो लगेच पाठवायला सांग. साहेब महिनाअखेरचं काही बोलले, तर मला फोन जोडून दे. मला ऐकू येत नसल्यामुळे माझ्याशी कुणाचा वाद फार वेळ चालत नाही.

जीव तिकडेच लागला आहे.
ताई


दौंड,
२९ नोव्हेंबर

ती. ताईस,
माझा आन् करुणाचा सप्रेम जयभीम.

पोरगी घरी गेली. तिचं नाव सुकवारो. तिकडच्या एका गुरुजींनी फोटो ओळखला. त्यांच्याच वर्गाबाहेर, भिंतीखाली ती बसायची. मावशीबरोबर प्रवासात पाणी भरायला उतरली, गाडी सुटली, आन् ही चुकून दुसऱ्याच गाडीत चढली.

काल तिचे वडील आले. आमची हिंदी त्यांना आन् त्यांची बोली आम्हाला जेमतेम कळत होती. सुकवारो ओट्यावर दाराकडं पाठ करून, करुणासमोर मेथी निवडत बसली होती. मी तिला खूण करायला निघालो, तर त्यांनी माझा हात धरला. चप्पल काढली आन् ओट्याच्या फरशीवर पाय आपटला. एकदा, मग जरा थांबून परत एकदा.

तिच्या हातातली मेथी खाली पडली. करुणा सांगते, मागं वळायच्या आधीच ती हसत होती.

तुझा पायगुण असाच राहू दे.
तुझा,
महेंद्र