परत आलेला पार्ट

रयोंग, १९ जानेवारी

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. खांदा कसा आहे? आई म्हणते, तू दिवसभर फणसाखाली गाडीकडे पाठ करून बसतोस आणि डोंगरातून कोबी आणायचं नाव काढलं की उठून जातोस. इकडे आम्ही बऱ्या आहोत. आम्ही म्हणजे कोण, ते पुढे लिहिते. आधी गाडीचं ऐक.

कारखान्यात बिघडून परत आलेले पार्ट उघडून बघायचं काम माझ्याकडे आहे. मागे डोंगराकडच्या गॅरेजांतून खोकी आली, सगळ्यांत एकच वस्तू, थ्रॉटल बॉडी. इंजिनात हवा सोडणारी ती झडप. एका खोक्यावर तुझ्या गाडीचा नंबर होता. दादा, ते मी सगळ्यांत आधी उघडलं.

झडपेच्या कडेला काळा थर, करपलेल्या ताडगुळासारखा. सोडलेला थोडा धूर इंजिन पुन्हा आत ओढतं. त्यातली काजळी तेलाच्या वाफेत मिसळते आणि तुमच्याकडच्या गार, दमट पहाटे तिथेच घट्ट बसते. मग झडप उघडतच नाही, हवा नाही म्हणजे जोर नाही. भर चढावर तुझ्या गाडीचा जीव गेला तो असा. कंपनीने चाचण्या घेतल्या त्या इथल्या उकाड्यात, सपाट रस्त्यावर. इथे ती कशाला अडकेल? साहेब आधी म्हणाले, ड्रायव्हर सफाई करत नाहीत. मी म्हटलं, एका डोंगरातले सगळेच ड्रायव्हर घाणेरडे निघाले का? मग त्यांनी ट्रक तिकडे नेऊन पहाटे चालवला आणि परत येऊन पार्ट बदलायला घेतला.

तू म्हणतोस, कंपन्या पैसे उकळायला पार्ट बदलतात. बदलतही असतील. हा मात्र तुमच्यासाठी बदललाय. धुराचं भोक झडपेपासून लांब नेलंय, आणि झडप फिरवणारी मोटर दणकट केलीय.

म्हणजे गाडीची देवी रागावली नव्हती. त्या पहाटे बाजारात ताजी माळ मिळाली नाही, म्हणून सायसुनीवहिनीने गाडीच्या आरशाला देवीसाठी कालचीच राहू दिली, एवढंच. त्यावरून तू सगळ्यांदेखत तिला म्हणालास, तुझ्या आळसाने माझा जीव गेला असता. अरे, मीही देवीला हात जोडते. पण जिने घरंगळणारी गाडी दरीच्या तोंडाशी झाडाला अडवली, ती शिळ्या माळेवरून रुसेल होय?

'आम्ही' म्हणजे मी आणि वहिनी. तुझं घर सोडून माहेरी गेली नाही ती, लोक काय विचारतील या धास्तीने माझ्याकडे आली. जेवणात इतकी मिरची घालते की शेजारीण खोकते. कोणाशी बोलत नाही फारसं. काल तिला तो काळा थर दाखवला. बराच वेळ बोटाने खरवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे नाही ना?"

हे तिने मला विचारलं, दादा. उत्तर तुझं हवंय तिला.

नवा पार्ट उद्याच्या बसने येतोय. बसव आणि गाडी घेऊनच ये. वहिनी रोज सकाळी जाईची माळ ओवते आणि संध्याकाळी टाकून देते. ती बसने पाठवता येत नाही, वाटेत सुकते.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींतली एक,
कन्निका