चकतीवरचं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांसमोर आमच्या टीममधल्या प्रथमेशला मारलं मी. एक नाही, तीन ठोसे.

काल आमच्या छोट्या इलेक्ट्रिक गाडीला ड्रम ब्रेक होता, गाडी खडूच्या रेषेवर थांबली. आज त्याच वेगाने डिस्क ब्रेकची पाळी. गाडी चालवणाऱ्या स्वातीने ब्रेकचं पेडल दाबलं आणि गाडी रेषा ओलांडून सरळ भिंतीत. तिचं मनगट मोडलं. ती किंकाळी!

ब्रेक प्रथमेशने बसवलेला. मी त्याची कॉलरच धरली. "आवळलंतं की रं, आईशप्पत! दोनदा बघितलंतं!" तो ओरडत होता, मी मारत होतो. ओठ फाटला त्याचा. त्याने हात उचललाच नाही. का?

घरी हात धुतले, बोटांवरचं लाल निघेना. त्याचं रक्त म्हणून साबणाने घासलं, तरी नखांत लाल तसंच. वास घेतला. तेल.

सकाळी नव्या ब्रेकची पूजा मीच केली. कोरडं कुंकू टिकेना, म्हणून तेलात कालवून ब्रेकच्या चकतीवर बोटाने मोठं स्वस्तिक काढलं. चाक थांबवायला ब्रेकचे पॅड चकतीला घट्ट धरतात तिथेच.

प्रथमेश तेव्हाच म्हणाला होता, "पुसून घेऊ का रं?"

मीच त्याच्यावर खेकसलो, "देवाचं पुसतोस व्हय?"